सोन्याची कुणकुण : डनॉलीच्या रानांत

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत, मेलबोर्न शहराच्या वायव्येस सुमारें दोनशें किलोमीटरांवर, डनॉली नांवाचें एक लहानसें गांव आहे. एक रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस जुन्या विटांच्या इमारती, आणि गांव संपतें न संपतें तोंच सुरू होणारें रान, एवढेंच त्याचें बाह्य स्वरूप. प्रवासी सहसा तेथें मुक्काम करीत नाहींत. परंतु ज्या पट्ट्यांत हें गांव वसलें आहे त्याला तेथील लोक सुवर्णत्रिकोण म्हणतात, आणि सोन्याचे मोठमोठे नैसर्गिक गोळे देणाऱ्या जगांतील भूमींत त्याची गणना अग्रभागीं होते. माझा पुतण्या मेलबोर्न येथें नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे कांहीं दिवस राहण्याचा योग आला, तो नेमका भाद्रपदांत, म्हणजे तिकडच्या वसंताच्या आरंभीं. रानांत वॉटलचीं पिवळीं फुलें नुकतींच फुललीं होतीं आणि साप अजून फारसे बाहेर पडूं लागले नव्हते. सोनें शोधणाऱ्यांना हाच काळ सोयीचा.

ह्या भूमीचा लौकिक समजण्यास एकच गोष्ट पुरेशी आहे. डनॉलीजवळच्या मोलियागुल येथें ५ फेब्रुवारी १८६९ रोजीं जॉन डीसन व रिचर्ड ओट्स ह्या मूळच्या कॉर्नवॉलच्या दोघां खाणकऱ्यांना, एका झाडाच्या मुळाशीं, पृष्ठभागाखालीं अवघ्या एक-दोन इंचांवर, सोन्याचा एक गोळा सांपडला. त्याचें वजन सुमारें ७२ किलो भरलें. डनॉलीच्या बँकेंत एवढें धूड पेलणारा तराजू नव्हता. म्हणून ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे करावे लागले, आणि त्या दोघांना नऊ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ‘वेलकम स्ट्रेंजर’ असें त्या गोळ्याचें नांव पडलें. आपण अतिथीला देव म्हणतों, त्या लोकांनीं सोन्याला अतिथि म्हटलें! तो गोळा वितळवून गेला. ऐरण मात्र डनॉलीच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते.

मला आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. १८५१ पासून पुढें हजारों माणसांनीं हें रान कुदळींनीं उकरलें, ओढ्यांतील माती धुतली, घोडे जुंपलेल्या फिरत्या यंत्रांनीं चिखल घुसळला. त्यांच्या खड्ड्यांच्या खुणा आणि मातीचे ढीग पावलोपावलीं दिसतात. आपल्याकडे सोनाराच्या दुकानांतील केर धुऊन सोनें काढणारे झारेकरी असत. त्यांचीच चिकाटी येथें एका प्रचंड प्रमाणावर चालली होती. असें असतांना मागें सोनें उरलें कसें? उत्तर सोपें आहे. त्या लोकांना डोळ्यांनीं दिसेल किंवा पाण्यानें निवडेल तेवढेंच सोनें मिळे. दोन खड्ड्यांमधली न उकरलेली हातभर जागा, झाडाच्या मुळांचा गुंता, त्यांनीं स्वतःच टाकलेल्या मातीचा ढीग, ह्यांतलें सोनें तसेंच राहिलें. १९८० सालीं जवळच्याच किंगाउअर येथें एकानें धातुशोधक यंत्राच्या साह्यानें २७ किलोंहून अधिक वजनाचा गोळा जमिनीखालीं फुटाभरावर शोधून काढला, तेव्हां ही गोष्ट साऱ्या जगाला पटली.

पुतण्याजवळ असेंच एक यंत्र आहे. लांब दांडीच्या टोकाला ताटाएवढें तारेचें वेटोळें, मुठीजवळ कळा व लहानसा पडदा, आणि कानांना लावावयाचा हेडफोन. किंमत कित्येक हजार डॉलर. चार महिने दर रविवारीं रानांत जाऊन त्यानें ह्या यंत्राच्या बळावर जुने खिळे, बंदुकीचे शिसें आणि डब्यांचे पत्रे एवढेंच धन जमविलें होतें. सूनबाईंनीं तें सर्व एका बरणींत भरून स्वयंपाकघराच्या खिडकींत मांडलें होतें. त्यावर त्या कधीं एक शब्द बोलल्या नाहींत, हीच खरी टीका. मंडळींच्या सुटीचे दिवस आणि घरचा पैसा ह्यांत गुंतला असल्यामुळें, आणखी दोन महिन्यांत कांहीं न मिळाल्यास यंत्र विकून टाकावयाचें, असें ठरलें होतें.

दोष यंत्राचा नव्हता आणि एका अर्थानें पुतण्याचाही नव्हता. दोष मातीचा होता. ज्यांनीं कोंकणांतील जांभा दगड पाहिला आहे त्यांना ही माती सांगणें सोपें जाईल. तीच तांबूस छटा, तेच लोहाचे गंज. डनॉलीकडे पांढऱ्या गारगोटीच्या तुकड्यांबरोबर तपकिरी, जड, लोहमय खडे सर्वत्र पसरलेले असतात. शिवाय रानांत युगानुयुगें वणवे लागत आले आहेत. त्या धगीनें जमिनीच्या वरच्या थरांतील लोहगंजाचें मॅग्हेमाइट नांवाच्या चुंबकी द्रव्यांत रूपांतर होतें. धातु शोधणाऱ्या यंत्राला अशी जमीन म्हणजे एक अखंड बडबड.

ही बडबड कशी होते तें थोडक्यांत सांगतों. ह्या रानांत चालणारीं यंत्रें वेटोळ्यांतून विजेचे लहान लहान ठोके सोडतात, आणि प्रत्येक ठोका थांबल्यावर सेकंदाच्या काहीं दशलक्षांश भागांत कान देऊन ऐकतात. ठोक्यानें जवळच्या धातूंत क्षणभर विजेचा भोंवरा उठतो व मावळतो. घुंगराचा नाद लगेच विरतो आणि देवळांतील घंटेचा मागें घुमत राहतो. तसा सोन्याच्या कणाचा प्रतिसाद क्षणांत संपतो, मोठ्या गोळ्याचा अधिक टिकतो. पण मातींतले अतिसूक्ष्म लोहकणही ठोक्यानंतर लगेच शांत होत नाहींत, रेंगाळतात. त्यांचा रेंगाळणारा नाद आणि सोन्याचा नाद एकमेकांत मिसळतो. सारी विद्या आहे ती हे दोन नाद वेगळे करण्याची.

पुतण्यानें जें केलें होतें तें कोणीही केलें असतें. सोनें ऐकूं येत नाहीं म्हणून त्यानें यंत्राची संवेदनक्षमता, ज्याला तिकडे ‘गेन’ म्हणतात, ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती. आमच्या समवेत त्या दिवशीं त्याच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीं हेडफोन कानाला लावला, दोन पावलें चालले आणि काढून परत दिला. “ह्यांत आकाशांतून वीज पडली तरी तुला कळणार नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

लग्नघरांत आजोबांच्या कर्णयंत्राचा आवाज वाढविला तर नातवाचें बोलणें मोठें होत नाहीं, सनई-चौघडाच मोठा होतो, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. गेन वाढविल्यानें सोन्याबरोबर मातीचाही आवाज वाढतो. आणि सोनें मातीहून फार क्षीण असल्यामुळें तेंच बुडतें. मंद जमिनींत गेन चढवावा, चांगला लाभ होतो; परंतु बडबड्या जमिनींत तो एकेक पायरी उतरवीत जावा, तो कोठवर? हेडफोनमधली मूळची मंद गुणगुण एकसारखी, सुरळीत ऐकूं येईपर्यंत. ह्या गुणगुणीला थ्रेशोल्ड म्हणतात. तंबोऱ्याचा षड्ज लागल्यावाचून गवयाला स्वर सांपडत नाहीं, तसें खोलवरचें सोनें ह्या गुणगुणीवांचून सांपडत नाहीं. कारण तें कधीं ‘टण्’ करून बोलत नाहीं. गुणगुण किंचित् वर जाऊन खालीं येते, किंवा खालीं जाऊन वर येते, आणि संपलें. म्हणून कित्येक नवशिके ही गुणगुण त्रासदायक वाटून बंद करतात, तें शहाणपणाचें नव्हे.

वृद्ध गृहस्थांनीं त्यानंतर वेटोळें बदलावयास लावलें. एकाच तारेनें ठोका सोडणारें व ऐकणारें वेटोळें, ज्याला मोनो म्हणतात, तें खोल जातें, पण चिडकें असतें. एकमेकांवर चढविलेल्या ‘डी’ आकाराच्या दोन तारांचें वेटोळें, एक बोलणारें व एक ऐकणारें, थोडें कमी खोल जातें. मात्र वाईट जमिनींत शांत राहतें. खोली थोडी गेली तरी चालेल, शांतता हवी, असा त्यांचा कौल पडला. मग विजेच्या तारा व दूरचीं वादळें ह्यांचा उपद्रव टाळण्यासाठीं वेटोळें स्थिर धरून यंत्राकडून मोकळी लहर शोधून घेतली. त्याला मिनिटभर लागतें, पण तेवढेंही थांबणें पुतण्याला आजवर जड गेलें होतें.

सर्वांत नाजूक भाग जमिनीशीं जुळवून घेण्याचा. तिकडे त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातु नसलेली जागा पाहून वेटोळें जमिनीलगत खालीं-वर करीत राहावयाचें. जवळ नेलें असतां गुणगुण चढते किंवा उतरते, ती दोहोंकडे सारखी होईपर्यंत यंत्राला त्या मातीची ओळख पटवून द्यावयाची. यंत्र हें काम चालतां चालतां आपोआपही करूं शकतें. पण त्यांत एक मेख आहे. क्षीण नाद ऐकून शोधक एकाच जागीं पुनः पुनः वेटोळें फिरवूं लागला, तर तें शिष्योत्तम यंत्र सोन्यालाच माती समजून आपल्या हिशेबांतून वजा करतें, आणि नाद हळूहळू नाहींसा होतो! तेव्हां अशा जागीं आपोआपची कळ बंद करून जुळवणी स्थिर ठेवणें श्रेयस्कर. मात्र माती तांबडीची पांढरी झाली, ओढा ओलांडला, खड्यांचा दाट पट्टा आला, कीं पुनः थांबून जुळवणी करावी लागते. शंभर पावलांत तीनदां थांबलों.

राहिली ठोक्यानंतर किती विलंबानें ऐकावयाचें ही कळ. पश्चिम ऑस्ट्रेलियांत काल्गुर्लीच्या बाजूला खारे तळे आहेत. त्या मिठाच्या ओलाव्यांतून वीज वाहते व तिचा नाद चटकन् विरतो, म्हणून तेथें उशिरा ऐकावें लागतें आणि बारीक सोनें हातचें जातें. डनॉलीच्या लोहमय मातीला दुसरी बैठक लागते. गृहस्थांनीं ती लावून दिली आणि एकच सूचना केली: वेटोळें जमिनीला समांतर, आणि नेहमींच्या अर्ध्या वेगानें.

“काका, हें तर चालणें नव्हे, प्रदक्षिणा आहे,” पुतण्या कुरकुरला. परंतु अर्ध्या तासानें तो थबकला. मला हेडफोन दिला. गुणगुण, मग एक नुसता उसासा, जणूं कोणीं दुसऱ्या खोलींत कूस बदलली. आडवें वेटोळें फिरविलें तरी तोच. लहान कुदळीनें चार बोटें माती काढली. नाद थोडा स्पष्ट झाला. कुदळीच्या दांड्यावर बसविलेल्या लोहचुंबकाला कांहीं चिकटलें नाहीं, म्हणजे खिळा नव्हे. आठ इंचांवर पिवळी चिकणमाती लागली. ती प्लॅस्टिकच्या पसरट डाव्यांत घेऊन, अर्धी बाजूला टाकून, उरलेली वेटोळ्यावर दाखवून, पुनः अर्धी टाकून, असें करीत शेवटीं चिमूटभर माती राहिली. तिच्यांत हरभऱ्याच्या डाळीच्या अर्ध्या पाकळीएवढें सोनें होतें. घरीं काट्यावर तें ग्रॅमच्या आंतच भरलें.

खड्डा पुतण्यानें लगेच बुजविला व पायानें दाबून त्यावर पाला ओढला. ही केवळ सभ्यता नव्हे, कायदाही आहे. व्हिक्टोरियांत सोनें शोधण्यास ‘मायनर्स राइट’ नांवाचा परवाना लागतो; तो अल्प शुल्कांत मिळतो, दहा वर्षें चालतो, आणि सांपडेल तें सोनें शोधणाऱ्याचेंच होतें. १८५१ सालीं महिन्याला तीस शिलिंग मोजावयास लावणारा जुना परवाना, बॅलरॅट येथील युरेकाच्या ३ डिसेंबर १८५४ च्या रक्तपातानंतर रद्द झाला आणि त्याच्या जागीं वर्षाला एक पौंडाचा हा हक्क आला. नांव तेंच अद्याप चालू आहे. परवाना असला तरी फक्त हातानें चालवावयाचीं हत्यारें वापरावीं लागतात, राष्ट्रीय उद्यानांपैकीं पुष्कळ भाग वर्ज्य असतो, आणि ह्या भूमीचे मूळ मालक जे जा जा वुरुंग लोक, त्यांच्या पूर्वजांच्या खुणांना धक्का लावतां येत नाहीं.

वाटेंत गृहस्थांनीं आणखी एका ठिकाणीं थांबविलें. लाल माती संपून फिकट चिकणमाती सुरू झाली होती. पुतण्यानें आपण होऊन आपोआपची कळ चालू केली, वेटोळें खालीं-वर केलें, कळ पुनः बंद केली आणि गेन दोन पायऱ्या चढविला.