बंब आणि डंपर

आमचं मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं. हे दर वेळी सांगावं लागतं, जुन्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आजच्या लिखाणाला निमित्त झालं आमच्या तांब्याच्या बंबाचं. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत सुनेने तो भंगारात द्यायला काढला. नेमका त्याच दिवशी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो वणीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत डंपरची इंजिनं दुरुस्त करतो. ओसरीवरचा बंब पाहून म्हणाला, "सर, हा विकू नका. जे आमाले खाणीत जमत नाही, ते हा करत होता."

खरंच की! बंबाच्या मधोमध नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. धूर वर जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जायचा. आईच्या चुलीलाही वैल होता. पुढे भाकरी, आणि तिथून वाहत आलेल्या आचेवर मागे वरण. डोक्यावर सरपण वाहून आणणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मग खाणीत का जमत नाही?" मी विचारलं. त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. डंपरमध्ये १०० रुपयांचं डिझेल जाळलं, तर कामाला येतं ३५-४० रुपयांचं. तीसेक रुपये धुरासोबत जातात, उरलेले बहुतेक रेडिएटरमधून. भरलेला डंपर खाणीतून चढ चढतो तेव्हा तो धूर ४००-५०० अंशांपर्यंत तापलेला असतो.

त्यातलं थोडं परत मिळतं. बाहेर जाणाऱ्या वायूवर एक लहान चाक फिरतं, ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. यालाच टर्बो म्हणतात. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. पण उरलेल्या उष्णतेवर वाफ करून वीज काढायची, तर गाडीवर बॉयलर, नळ्या, पाणी थंड करायची सोय, सगळंच वाहावं लागेल. नळ्यांत काजळी बसते. धुराची वाट अडली की इंजिन घुसमटतं आणि डिझेल उलट जास्त खातं. शिवाय चढताना धूर तापलेला, रिकामं उतरताना निवलेला. एकसारखी आच नाहीच.

जागेवर उभ्या असलेल्या यंत्राचं तसं नाही. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाचा धूर चिमणीत जाण्याआधी बॉयलरचं पाणी तापवतो, मग भट्टीत जाणारी हवाही तापवतो. तरी शेवटची उष्णता सोडावीच लागते. धूर फार थंड केला तर त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन लोखंड खातं.

"मग तुम्ही करता काय?"

"उभ्या गाडीचं इंजिन बंद करा म्हणून डायव्हरच्या मागं लागतो. वाया गेलेलं गोळा करण्यापेक्षा ते सोपं हाय."

तो बोलत होता आणि मला एक वर्ग आठवत होता. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. शिक्षक कमी, म्हणून काही वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं. एकदा यानेच विचारलं होतं, "सर, धुरासोबत गेलेली उष्णता कुठं जाते? वापस आणता येते का?" मला उत्तर येत नव्हतं. 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढंच विचार." वर्ग हसला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही.

परवा धीर करून त्याला हे सांगितलं. तो हसला. "मले तं काहीच आठवत नाही सर!"

खरं बोलला की माझं मन राखलं, कळलं नाही. ज्याने विचारलं तो विसरला असेल, मी नाही विसरलो.

असो. बंब विकला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात पेटवला. सून म्हणाली, गॅस असताना हे काय! पाणी तापलं, तसा धुराड्याच्या तोंडाशी हात धरून पाहिला. धूर चांगलाच गरम होता. म्हणजे आमच्या बंबालाही सगळं जमत नव्हतं.

हे त्याला फोन करून सांगायचं आहे.