विसापूरचे हिरवेपण

कार्ल्याच्या लेण्यांपुढून दक्षिणेकडे पाहिले की इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे दोन किल्ले शेजारी शेजारी दिसतात. उजवीकडचा लोहगड, डावीकडचा विसापूर, मध्ये गायमुख खिंड. पावसाळ्यात लोहगडावर लोक किल्ला पाहण्यास जातात आणि विसापूरवर बहुधा हिरवळ व धबधबा पाहण्यास. या भेदाचे मूळ १८१८ च्या मार्च महिन्यात आहे.

लोहगडाचा इतिहास सर्वांच्या तोंडी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी तो घेतला आणि पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत पडले. तो पेच सोडविण्यास निघालेल्या बाळाजी विश्वनाथांच्या घरात पुढे पेशवाई स्थिरावली. उत्तर पेशवाईत तो नाना फडणविसांच्या विश्वासाचा गड होता. विसापूरच्या वाट्याला अशा कथा फार थोड्या आल्या. मात्र एका बाबतीत तो वरचढ आहे आणि तेच त्याला भोवले : तो लोहगडाहून उंच आहे. विसापूरवर तोफा चढविल्या की लोहगड माऱ्याखाली येतो.

इंग्रजांना हे खोरे नवे नव्हते. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या त्यांच्या फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्यालाच तोफेचा गोळा लागून पडला. पुढे थोड्याच दिवसांत त्या फौजेला वडगावला तह करावा लागला. एकोणचाळीस वर्षांनी कर्नल प्रॉथरची तुकडी मावळात आली तेव्हा पेशवाई मोडली होती. ४ मार्च १८१८ रोजी विसापूर फारशी झुंज न होता इंग्रजांच्या हाती गेला. वरचा डोंगर शत्रूकडे गेल्यावर लोहगड लढविण्यात अर्थ उरला नाही. दुसऱ्याच दिवशी तोही रिकामा झाला.

यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या. लोहगडावर पुढे काही वर्षे इंग्रजांची शिबंदी राहिली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही त्याची नागमोडी द्वारमालिका आजही उभी आहे. विसापूरचे कोकणाकडचे आणि देशाकडचे असे दोन्ही दरवाजे मात्र सुरुंग लावून उडविण्यात आले. ज्या उंचीवरून लोहगड जिंकला, ती उंची पुन्हा कोणाच्या कामी येऊ नये, हा हिशेब त्यामागे असावा.

दरवाजे गेले की किल्ल्याचे माणसांशी नाते तुटते. शिबंदी नाही, डागडुजी नाही, टाक्यांतला गाळ काढणारे कोणी नाही. मग गवत येते. भाद्रपदात विसापूरच्या माथ्यावर सोनकी आणि तेरडा फुलतो, धुके उतरते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे पठार मुळातच असे मोकळे होते. वास्तविक त्या गवताखाली जोती आहेत. सर्वाधिक गर्दीची जागा तर याहून बोलकी आहे. पावसाळ्यात ज्या ‘धबधब्या’तून लोक हौसेने वर चढतात, ती गडाची जुनी पायऱ्यांची वाट आहे. राबता थांबला आणि तिचा ताबा पाण्याने घेतला.

पुण्याच्या शनिवारवाड्याशी ताडून पाहावे. १८२८ च्या आगीत तिथली लाकडी इमारत जळाली. आज तटाच्या आत जोती आहेत आणि त्यांच्यामध्ये राखलेली हिरवळ. तिथले गवत कापले जाते, झाडांना पाणी घातले जाते, फलक लावले जातात. विसापूरचा माळी पाऊस. तो चिऱ्यांच्या सांध्यांत पिंपळही लावतो आणि उंबरही, आणि त्या मुळ्या सुरुंगाचे उरलेले काम सावकाश पुरे करीत आहेत. तटाच्या भेगेत उगवलेल्या झाडाचे छायाचित्र सुंदर येते, हे खरे; तट वाचवायचा असेल तर ते झाड रोप असतानाच काढावे लागते.

दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत लोहगड आहे, विसापूर नाही. निकषांची कारणे काहीही असोत, १८१८ मध्ये ज्याचे दरवाजे राहिले त्याचे नाव यादीत लागले. ज्याचे उडाले तो सहलीचे ठिकाण होऊन राहिला.

विसापूर चढणाऱ्याने पायऱ्यांलगत दगडात कोरलेला मारुती पाहावा, वर चुन्याच्या घाण्याचे प्रचंड दगडी चाक पाहावे, दूरवर धावणाऱ्या तटाच्या कडेने चालावे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने इथल्या एका दहा फुटी लोखंडी तोफेची नोंद केली आहे. तिच्यावर मुकुट, ट्यूडर घराण्याचे गुलाबपुष्प आणि राणी एलिझाबेथची आद्याक्षरे होती. एखाद्या इंग्रजी जहाजावरून ती आंग्र्यांच्या किंवा दुसऱ्या कोणा आरमारी सरदाराच्या हाती लागून इथवर आली असावी, असा गॅझेटियरचा तर्क आहे. गाड्यावर बसविण्यासाठी तोफेला दोन्ही बाजूंनी जे खुंट असतात, ते तोडून ती निकामी केलेली होती.