दूरच्या समुद्राचें पंचांग

पाडव्याच्या दिवशीं कडुनिंबाचा प्रसाद झाला कीं आमचे आजोबा पंचांग उघडून संवत्सरफल वाचीत. आम्हां मुलांचें लक्ष असे तें पर्जन्यनक्षत्रांच्या वाहनांकडे. मृगाला बेडूक निघाला कीं घरांत आनंद होई. कोल्हा निघाला कीं आजोबा चष्मा काढून उगाच पुशीत बसत. जालना जिल्ह्यांत, अंबड तालुक्यांत, आमची मोसंबीची बाग होती.

पुढें मला दुसऱ्याच एका पंचांगाचा नाद लागला. 1904 ते 1924 या काळांत हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. मान्सूनचें भाकित शोधतांना त्यांना आढळलें कीं, पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावर तो बहुधा उतरतो, आणि पुढें उलट होतें. हेंच तें दक्षिणी आंदोलन. एरव्हीं पूर्वेचे वारे पॅसिफिकचें उष्ण पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. वारे मंदावले कीं तें पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकतें, ढग त्याच्या मागोमाग जातात, आणि आपला पाऊस अडखळतो. हा एल निनो. 1985 ते 1994 या वर्षांत विषुववृत्ताजवळ सुमारें सत्तर बोये नांगरले गेले. ते वारा आणि 500 मीटर खोलीपर्यंतच्या पाण्याची उष्णता मोजूं लागले.

परंतु हें पंचांगही शपथेवर बोलत नाहीं. 1972 व 2015 सालीं एल निनो आला आणि दुष्काळही आला. 1997 सालीं तो अतिशय प्रबळ होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. उलट 2012 सालीं पुरता एल निनो नसतांही जालन्यावर पाऊस रुसला. आमची बाग उभी वाळली. झाडें तोडतांना दादांनीं विचारलें, "तुझा समुद्र काय म्हणत होता?" मजपाशीं उत्तर नव्हतें.

2023 च्या उन्हाळ्यांत दादांनीं नव्या रोपांसाठीं खड्डे घेतले. जूनमध्यें एल निनो आल्याचें जाहीर झालें. भीत भीत मीं कळविलें, "दादा, एक वर्ष थांबावें." ते थांबले. त्या वर्षींचा ऑगस्ट देशांत 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. मला मनांतून थोडा अभिमान वाटला, हें कबूल करतों.

दादांचें उत्तर आलें : "या वेळीं तुझा समुद्र खरें बोलला. पण मागें तो गप्प होता, हें विसरूं नको. खड्डे बुजविलेले नाहींत."

तें वाचून मीं चष्मा काढला आणि उगाच पुशीत बसलों.