फक्कीच्या रेषा

रुवी. ओमानची फुटबॉल लीग 1976-77ला सुरू झाली. पहिलं वर्ष फंजाचं, दुसरं रुवीचं. विजेत्यांची यादी काढली तर रुवीचं नाव आजही जागेवर आहे, पण क्लब नाही. रुवी आणि अल-बुस्तान हे दोन क्लब एक करून 'मस्कत' नावाचा क्लब झाला आणि 2005-06ची लीग त्याने जिंकलीही. कागदोपत्री काहीच हरवलं नाही.

पण पेठेचं नाव अंगावरून उतरलं की काय उतरतं, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ एक करून उद्या नुसता 'कोल्हापूर' नावाचा संघ केला, तर शाहू स्टेडियमवर कोण कुणाच्या विरुद्ध ओरडणार? जिंकल्यावर गुलाल कुठल्या चौकात उधळायचा? माझं लहानपण त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं, म्हणून मस्कतला आल्यावर मी आधी क्लबांची नावं पाठ केली आणि मग रस्ते. त्यातलं जे हरवलं, त्याची ही यादी.

मस्कतमधल्या रुवीत आपल्या लोकांची पहिली खोली असायची. एका खोलीत चौघे, खाली मल्याळी उपाहारगृह, समोर सोन्याची दुकानं. रुवीच्याच खोऱ्यात बैत अल-फलज किल्ल्याजवळ विमानाची धावपट्टी होती. 1973 साली विमानतळ सीबला गेला आणि या जागेवर बँकांच्या इमारती उभ्या राहिल्या.

बुस्तान. हे नाव दोनदा उठलं. 1985च्या नोव्हेंबरात आखाती देशांची शिखर परिषद मस्कतला भरली. तिच्यासाठी समुद्रकाठी मोठा राजवाडा-हॉटेल बांधलं, तेव्हा तिथलं मच्छीमारांचं गाव हलवून बाजूला वसवलं. गावाने जागा सोडली, पण नाव सोबत नेलं. पुढे क्लब गेला तेव्हा तेही मागे राहिलं.

जाळं. सिदाब हे मस्कतच्या कुशीतलं कोळ्यांचं गाव. त्याचा क्लब अल-अहलीला जोडला गेला आणि 'अहली-सिदाब' असं जोडनाव तयार झालं. अल-अहली म्हणजे 1981-82चा लीग विजेता. एवढ्या मोठ्या क्लबाशेजारी सिदाबचं नाव निदान टिकलं, हे मी चांगलंच मानतो. तिथे किनाऱ्याजवळ पोरं खेळायची त्या गोलला मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं असे. मी जवळ जाऊन हात लावून पाहिलं होतं. हिरवा नायलॉन उन्हाने पिवळट पडलेला. चेंडू बसून बसून वरच्या कोपऱ्यात भोक पडलेलं आणि ते वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने तुणलेलं. गाठी इतक्या सारख्या, की बोटीवरचं जाळं ज्याने तुणलं त्यानेच हेही तुणलं असणार. त्याच्या तळाशी एक शिशाची गोळी अजून अडकून होती. आता सगळीकडे एकसारखी, दुकानातली पांढरी जाळी असते.

खडी. गवताचं मैदान मोठ्या क्लबांना मिळायचं. बाकी सगळा फुटबॉल खडीवर चाले. इथला प्रत्येक क्लब गावोगावच्या, गल्लोगल्लीच्या संघांवर उभा असतो आणि या लहान संघांची मैदानं बहुतेक वादीच्या काठाला असत. वादी म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. वर्षभर कोरडा ठाक, आणि पाऊस झाला की तासाभरात गाड्या वाहून नेणारा. त्याच्या बाजूची सपाट जागा शोधायची, मोठे दगड वेचून कडेला लावायचे, की झाली हद्द. गोलला बांधकामावरचे पाइप. दुपारी कुणीतरी डब्यातून फक्की मारत जायचं. रेष सरळ यायची नाही, कारण वाऱ्याने फक्की उडायची आणि मारणारा तिच्यामागे वळायचा.

या मैदानाने खेळ घडवला असं माझं ठाम मत आहे. खडीवर घसरून चेंडू काढता येत नाही, नडगी सोलवटते. म्हणून तिथला बचावपटू पायांवर उभा राहून वाट बघायला शिकतो. चेंडू कुठल्या दगडावरून कसा उडेल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिला स्पर्श मऊ लागतो. ज्या पोरांच्या गुडघ्यांवर एक खपली पडून दुसरी धरायची, त्यांचे चेंडू अडवणारे तळवे मी पाहिलेत. असे अलगद तळवे गवतावर शिकलेल्यांचे मला फार दिसले नाहीत.

जून 2007मध्ये गोनू चक्रीवादळ आलं. वादी अदईच्या बाजूचं एक मैदान मला माहीत होतं. पाणी ओसरल्यावर तिथे गेलो. एक गोल उभा होता, पाइप वाकलेले, आडव्या दांड्यावर चिखलाने माखलेली गोणी अडकलेली. दुसरा गोल कुठेच नव्हता. हद्दीचे दगड इतर दगडांत मिसळून गेले होते. ते आता कोण ओळखणार? नंतर नवे रस्ते झाले, पाण्याला वाट करून दिली, आणि ती करायलाच हवी होती. गल्लीच्या संघांना आता कृत्रिम हिरवळ मिळते, दिवे मिळतात. पोरांचे गुडघे वाचले याचा मला आनंदच आहे. पण ते वाकडं मैदान कुठल्याही नकाशावर नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठे नाही.

ओहोटी. अझैबा आणि कुरुमच्या किनाऱ्यावर टाचेने रेघ ओढून मैदान आखतात. समुद्र मागे सरेल तेवढा वेळ सामना. हे मैदान रोज पुसलं जातं आणि रोज परत आखलं जातं. ते मोडीत निघण्यातलं नाही. तरी यादीत ठेवतो, कारण बाकीच्यांचं मोजमाप त्याच्यावरून करता येतं.

वतय्या. पोलिसांचं स्टेडियम. 1984ची आखाती चषक स्पर्धा इथे झाली, इराक जिंकला. पुढच्याच वर्षी बौशरला सुलतान काबूस क्रीडासंकुल उघडलं आणि मोठे सामने तिकडे गेले. ओमानने 2004 आणि 2007 असे सलग दोन अंतिम सामने गमावले होते. त्यानंतर जानेवारी 2009मध्ये याच संकुलात सौदी अरेबियाला पेनल्टींवर हरवून आखाती चषक पहिल्यांदा जिंकला. गोलरक्षक अली अल-हबसी. संपूर्ण स्पर्धेत खेळ चालू असताना एकही गोल खाल्ला नाही. त्या रात्री रुवीच्या रस्त्यावर गाड्या हलत नव्हत्या, हॉर्नमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

ढोल. त्या रात्रीचा ढोल वेगळा. मी म्हणतो तो लीगच्या सामन्यांतला. पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात पंधरावीस माणसं, एक पुढे गाणारा, बाकीचे टाळ्यांवर. नव्वद मिनिटं गाणं थांबायचं नाही. गोल खाल्ला तरी लय तीच. आता सामना घरी पडद्यावर दिसतो, आणि कितीतरी सामन्यांना प्रशिक्षकाची हाक वरच्या पायरीपर्यंत स्पष्ट पोचते. 2020-21ची लीग तर साथीमुळे पुरीच झाली नाही.

फंजा. निझ्वाच्या रस्त्यावर, डोंगराच्या खिंडीतलं खजुरीच्या बागांचं गाव. रस्त्याच्या कडेला माठ-मडकी विकायला ठेवलेली असतात. जर्सी पिवळी. या गावाच्या क्लबाने 1989 साली आखाती क्लबांचा चषक आणला, ओमानमध्ये पहिल्यांदा. ती स्पर्धाच 2015नंतर बरीच वर्षं बंद होती. 2015-16ला फंजाने पुन्हा लीग जिंकली. लाल माठांच्या रांगेपुढून गाडी जाते तेव्हा मी काच खाली करतो. कोपऱ्यातल्या एखाद्या पोराच्या अंगावर पिवळा टी-शर्ट दिसतो का, बघतो.

ओमान क्लब. 1942चा. या यादीत तो बसत नाही, कारण तो आहे. पण तो ज्या मस्कतमध्ये निघाला, ते मस्कत मात्र आता नाही. तेव्हा रात्री तोफ झाली की शहराचे दरवाजे बंद होत, आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. हा नियम 1970पर्यंत होता. आज दिव्यांच्या झोतात रात्री आठला सामना सुरू होतो तेव्हा मला तो कंदील आठवतो.

सीब. 22 ऑक्टोबर 2022, क्वालालंपूर. अल-सीबने क्वालालंपूर सिटीला त्यांच्याच शहरात 3-0 हरवून एएफसी कप जिंकला. ओमानच्या कुठल्याही क्लबाला हे आधी जमलं नव्हतं. विमानतळाजवळचं हे गाव आपल्या नावानिशी तिथे गेलं आणि नावानिशीच परतलं.

आमच्या कंपनीत एक ड्रायव्हर होता. बलुची, मस्कतचाच, तरुणपणी रुवीच्या राखीव संघात होता म्हणायचा. हिंदी सिनेमावर शिकलेलं हिंदी, मला 'सदीक' म्हणजे मित्र म्हणायचा. त्याचा फोन अजून येतो. परवा मस्कत क्लबचा सामना होता.

"सदीक, आज शाम को रुवी का मॅच है," तो म्हणाला. "जल्दी आना. जगह नहीं मिलेगी."

मी गेलो. जागा होती. त्याने माझ्यासाठी शेजारच्या पायरीवर रुमाल टाकून ठेवला होता.