गॅसबत्ती

मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव म्हणजे बोहाडा; त्यात माझं लक्ष आधी उजेडाकडे जातं. गल्लीच्या तोंडाशी सोंग उभं राहतं, संबळ घुमतो, पिपाणी चढते आणि टेंभ्याची ज्योत हलली की मुखवट्याचे डोळेही हलतात. कागदाच्या लगद्याचं ते तोंड तेव्हा खरोखर आपल्याकडे बघतं.

लहानपणी जव्हारहून मोखाड्याला बोहाडा बघायला जायचो, तेव्हा टेंभ्यांच्या जोडीला गॅसबत्ती असायची. ती पेटवणाऱ्या माणसाशेजारी मी बसून राहायचो. आधी स्पिरिट, मग पंपाने हवा, मग फस्‌ फस्‌ करत मेंटल पांढरंशुभ्र व्हायचं. नावात गॅस आणि पोटात रॉकेल! या नावाचं मूळ मला फार उशिरा उमगलं. मेंटल घडवलं व्हिएन्नाच्या आउअर यांनी, १८८५ च्या सुमारास, आणि तेही शहरातल्या गॅसदिव्यांसाठी. रॉकेलची वाफ करून जाळणाऱ्या बत्तीने ते पुढे उचललं.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसदिवे मेंटलच्याही आधी, १८६५ मध्ये लागले. त्यांच्या गॅससाठी दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवायचा. निघालेला वायू धुऊन टाकीत साठवायचा. वायू भरला की टाकीची टोपी वर चढायची, शहर उजळलं की हळूहळू खाली बसायची. लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ म्हटलं की जुन्या माणसांना अजून रस्ता कळतो.

असाच कारखाना अथेन्सलाही होता; त्याची भट्टी १८५७ पासून १९८४ पर्यंत जळत होती. १९९९ पासून त्याच धुराड्यांखाली गाणी-नाटकं होतात. भट्ट्या मोडल्या नाहीत, झाकल्याही नाहीत; त्या जपणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. जर्मनीत ओबरहाउझेनला तर ११७ मीटर उंचीच्या रिकाम्या गॅसटाकीत प्रदर्शनं भरतात.

तिथे कला कारखान्यात गेली. आमच्याकडे कारखान्याचा उजेड डोंगर चढून कलेच्या पायाशी आला. बोहाड्याला भिंती नाहीत. गल्ली आणि तिच्यावर पडणारा उजेड, एवढंच त्याचं नाट्यगृह. म्हणून हॅलोजनच्या झोतात सोंग आलं की मला गलबलून येतं. तो झोत हलत नाही. रंग सगळे दिसतात, पण डोळे मेलेले असतात.

मोखाडकरांनो, माळ्यावरची बत्ती काढा, मेंटल बांधा. निदान जगदंबेचं सोंग निघेल तेवढा वेळ हॅलोजन बंद ठेवा.