जहाजावरची मांडणी घरच्या गॅरेजला!

भावनगरहून तळाजा-महुव्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत त्रापज नावाचं गाव येतं. तिथून डाव्या हाताला, समुद्राच्या दिशेनं एक फाटा फुटतो. समुद्र अजून लांब असतो, पण जहाजं मात्र इथूनच भेटायला लागतात... तुकड्या-तुकड्यांनी! एका वखारीत नुसत्या गाद्या, दुसरीत कपबशा, तिसरीत लाइफ जॅकेट्स, तर चौथीत पोलादी कपाटं, मांडण्या आणि टेबलं. रस्त्याच्या दुतर्फा कित्येक किलोमीटर पसरलेल्या या दुकानांना स्थानिक माणूस ‘खाडा’ म्हणतो. अलंगच्या किनाऱ्यावर मोडलेल्या जहाजांचं सामान इथे विकायला येतं.

हॉटेलवाले आणि कारखानदार इथले जुने गिऱ्हाईक. पण अलीकडे घरगुती खरेदीदारही कमी नसतात. त्यातलाच एक वर्ग बंगला किंवा रो-हाऊस असलेल्यांचा. गाडीसाठी म्हणून बांधलेल्या गॅरेजमध्ये सायकली, रंगाचे डबे, कुलरचं खोकं, बागेची अवजारं आणि दोन पिढ्यांची रद्दी सुखानं नांदते आणि गाडी बिचारी उन्हात! अशा घराला भक्कम, स्वस्त मांडणी आणि कामाचं एक टेबल हवं असेल, तर अलंगची वाट धरायला हरकत नाही. मात्र काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही, हे आधी ठाऊक हवं.

उधाणावर स्वार होऊन शेवट

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगानं थेट किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की ते चिखलात उभं राहतं आणि तोडणी सुरू होते. १९८३ साली इथे हा उद्योग सुरू झाला. जगातलं सर्वांत लांब, ४५८ मीटरचं तेलवाहू जहाज २०१०मध्ये इथेच मोडलं गेलं. मुंबईहून एप्रिल २०१९पासून पर्यटकांना समुद्रसफर घडवणारी ‘कर्णिका’ २०२०च्या नोव्हेंबरात इथेच आली. त्याच वर्षी भारतीय नौदलाची निवृत्त ‘विराट’देखील!

उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले मजूर गॅसच्या ज्योतीनं ही धुडं कापतात. या कामात आग, स्फोट आणि कोसळणाऱ्या पोलादानं कित्येकांचे जीव घेतले आहेत. २०१९चा जहाज-पुनर्वापर कायदा आणि जून २०२५मध्ये लागू झालेला हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार यामुळे नियम कडक झाले आहेत. तरीही खाड्यात स्वस्तात मिळणाऱ्या कपाटामागे कुणाचा तरी घाम आणि जोखीम आहे, हे विसरून चालत नाही.

डोलणाऱ्या घराची शिस्त

जहाजावरची मांडणी नीट पाहिली, तर गृहव्यवस्थेचा एक धडाच मिळतो. समुद्रात जहाज डोलतं, त्यामुळे तिथे कुठलीच वस्तू ‘असू दे इथेच’ म्हणून ठेवता येत नाही. प्रत्येक फळीच्या कडेला दोन-तीन बोटं उंचीची पट्टी असते, म्हणून डबा घसरत नाही. कित्येक खण सरळ ओढून उघडत नाहीत, ते जरा वर उचलून मग ओढावे लागतात. कपाटं जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं जखडलेली. इंजिनघरातल्या कार्यशाळेत पान्हे मापाप्रमाणे ओळीनं टांगलेले आणि मागे फळ्यावर प्रत्येकाची आकृती रंगवलेली. पान्हा जागेवर नसेल, तर रिकामी आकृतीच चुगली करते!

ही शिस्त घरी आणायला जहाज विकत घ्यावं लागत नाही. साध्या फळीला लाकडी पट्टी ठोकता येते. प्लायवूडच्या तुकड्यावर खिळे मारून पक्कड, हातोडा, करवत टांगावी आणि भोवती रंगानं रेघ ओढावी. घरातली मुलं हे काम हौसेनं करतात आणि मग वस्तू जागेवर ठेवायची आठवणही तीच करून देतात.

आधी फूटपट्टी, मग खरेदी

साधारण गॅरेज १० फूट रुंद आणि १८ फूट लांब धरू. छोटी गाडी सुमारे साडेपाच फूट रुंद आणि १२ फूट लांब असते. चालकाच्या बाजूला दार उघडण्यासाठी अडीच-तीन फूट सोडले, तर दुसऱ्या भिंतीला एक फूट खोलीची मांडणी सहज बसते. समोरच्या भिंतीशी सहा फूट उरतात. तिथे दोन फूट खोल टेबल ठेवूनही उभं राहायला जागा मिळते. गाडी लांब असेल, तर बिजागरीवर दुमडणारं टेबल बरं. चाकाच्या पुढे लाकडाचा ठोकळा जमिनीला बसवला की गाडी टेबलावर आदळायची भीती नाही.

टेबलाची उंची ही ज्याला काम करायचं त्याच्या शरीरावरून ठरते. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगट जिथे येईल, तितकं टेबल उंच असावं. कानस चालवायची असेल, तर बेंच व्हाइसचा जबडा कोपराच्या पातळीत हवा.

जड वस्तू खाली आणि हलक्या वर. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून चार-सहा इंच उंच ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात ओल आणि एरवी वाळवी लागत नाही. उंच मांडणी भिंतीला पक्की करावी. थिनर, रंग आणि कीटकनाशक मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात आणि ठिणगीपासून लांब.

काय घ्यावं, काय टाळावं

खाड्यात जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलच्या मांडण्या आणि टेबलं पाहावीत. ओलसर गॅरेजला त्यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही. खलाशांचे पोलादी लॉकर आणि बेंच व्हाइसही उपयोगी. व्हाइस घेताना जबडा पूर्ण उघडून-मिटून पाहावा, आटे झिजलेले नसावेत. कपाटाचा तळ आणि मागची बाजू बघायला विसरू नये, कारण गंज तिथेच लपतो. भाव वजनावर किंवा नगावर सांगतात. तीन-चार खाडे फिरल्याशिवाय आणि घासाघीस केल्याशिवाय पाकीट काढू नये. टेम्पोचं भाडं मिळवूनच भाव पडतो का ते बघावं. एका मांडणीसाठी एवढा खर्च परवडणार नाही. मग आपल्या गावातल्या स्लॉटेड अँगलच्या दुकानातून भोकांचे अँगल आणि फळ्या आणून जोडणंच शहाणपणाचं. त्यांची उंची हवी तशी बदलताही येते.

विजेची अवजारं मोहात पाडतात, पण त्यांवरची पाटी आधी वाचावी. बरीचशी जहाजाच्या ४४० किंवा ११० व्होल्टवर चालणारी असतात. घरच्या २३० व्होल्टवर ती निरुपयोगी, प्रसंगी धोक्याची.

खरी सावधगिरी मात्र तक्त्यांबाबत हवी. जुन्या जहाजांच्या केबिनच्या भिंती, छतं आणि अग्निरोधक दारं यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. याच कारणावरून फ्रान्सला आपली ‘क्लेमेन्सो’ ही युद्धनौका २००६मध्ये अलंगच्या वाटेवरून माघारी न्यावी लागली होती. जहाजांवर नवं ॲस्बेस्टॉस बसवायला २०११पासून पूर्ण बंदी आहे, पण तोडायला येणारी जहाजं बहुधा त्याआधीची. असा तक्ता टेबलासाठी करवतीनं कापला किंवा त्याला भोक पाडलं, की न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते छातीत बसले, तर दुखणं वीस-तीस वर्षांनीही उद्भवतं. तेव्हा मधला थर काय आहे हे कळत नसेल, तो तक्ता कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तसंच जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा खरवडू नये, जाळू तर मुळीच नये.

कसं जाल?

अलंग भावनगरपासून सुमारे ५० किलोमीटर. भावनगरला रेल्वे आणि बस दोन्ही येतात. मुंबई-पुण्याकडून मोटारीनं निघालेल्यांसाठी सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला गाडीसकट नेणारी फेरीबोट २०२०मध्ये सुरू झाली. निघण्यापूर्वी तिच्या वेळा विचारून घ्याव्यात. प्रत्यक्ष तोडणीच्या किनाऱ्यावर परवानगीशिवाय जाता येत नाही, पण खाडे सर्वांना खुले असतात. सोबत मोजपट्टी, गॅरेजच्या मापांचा कागद आणि हातमोजे न्यावेत. आणि हो, निघण्याआधी एक दिवस गॅरेजमधली रद्दी विकून टाकावी. कदाचित तेवढ्यानंच एक मांडणी कमी लागेल!