नेट आहे, पण चालत नाही

कोकणातल्या आमच्या गावी रात्री दहाच्या सुमाराला हे वाक्य घराघरांतून ऐकू येतं. कुवेत-सौदीतली माणसं तेव्हा कामावरून खोलीवर परतलेली असतात आणि घरी व्हिडिओ कॉल लावतात. मी पुण्यात मोबाइल नेटवर्कच्या कामात आहे, म्हणून गावी गेलो की फोन माझ्यासमोर धरले जातात. "रेंजच्या काड्या तर चारही आहेत, मग अडतं कुठे?"

काड्या खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. टॉवरचे संकेत किती जोरात पोहोचतात एवढंच त्यांवरून कळतं. त्या टॉवरवर या क्षणी किती जण हात पसरून उभे आहेत, ते कळत नाही. टॉवरच्या वाट्याला आलेल्या लहरी मोजक्या असतात आणि त्या सगळ्यांत वाटाव्या लागतात. ४जीमध्ये ही वाटणी दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, नव्याने होते. ती करणाऱ्या व्यवस्थेला शेड्यूलर म्हणतात.

सगळ्यांना सारखं वाटून भागत नाही, कारण गरजा सारख्या नसतात. बोलणं उशिरा पोहोचलं की वाया जातं, पण मधला एखादा तुकडा गळाला तर कान सांभाळून घेतो. बँकेच्या व्यवहाराचं उलटं आहे. तो क्षणभर थांबला तरी चालतं, त्यातलं अक्षरही हरवून चालत नाही. म्हणून ४जीच्या मानकात वाहतुकीचे वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग संभाषणाचा. १०० मिलिसेकंदांत पोहोचवा, शंभरात एखादा तुकडा गळाला तरी चालेल, आणि ठरलेला वेग राखून ठेवा. साधं इंटरनेट बहुधा नवव्या वर्गात असतं. तिथे ३०० मिलिसेकंदांची मुभा आहे, दहा लाखांत एकच तुकडा हरवावा अशी अपेक्षा आहे, पण वेगाची हमी नाही. गर्दी झाली की थांबायचं यानेच.

नंबर फिरवून लावलेला ४जी कॉल पहिल्या वर्गातून जातो. व्हॉट्सअॅपचा कॉलही बोलणंच असतो, पण नेटवर्कच्या लेखी तो साधं इंटरनेट. तो रील आणि सिनेमांच्या रांगेत उभा राहतो. आणि आखातातला माणूस घरी बोलतो तो याच रांगेतून, कारण परदेशी कॉलचा दर त्याला रोज परवडत नाही.

तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले. भाई कुवेतला होता. जनाज्यापर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं, म्हणून चुलतभावाने फोन हातात धरला. अंगणात दोनेकशे माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, प्रत्येक जण कुणाला तरी कळवत होता. अब्बांचा चेहरा दाखवायची वेळ आली आणि चित्र गोठलं. तुटक आवाज येत राहिला, "थांबा जरा... दिसत नाही मला." मय्यतीला उशीर करायचा नसतो. पाच-सात मिनिटं वाट पाहिली आणि आम्ही खांदा दिला. भाई त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेला नाही.

मग असे कॉल पहिल्या वर्गात घ्या, असं कुणीही म्हणेल. त्या दिवशी मीही म्हटलं असतं. पण कुठलं अॅप पुढे घ्यायचं हे कंपनीने ठरवायचं, तर उद्या पैसे मोजणारा पुढे जाईल. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्रायच्या शिफारशी मान्य करून मजकुरात असा भेदभाव करायला मनाई केली, ते मला योग्य वाटतं. शिवाय सगळेच पुढे आले तर पुढे असण्याला अर्थ उरत नाही. प्राधान्याने नवी जागा तयार होत नाही. कुणी थांबायचं एवढंच त्याने ठरतं.

खालच्या वाडीत तर काड्याही दोनच. टॉवरपासून लांबच्या फोनला तेवढाच मजकूर द्यायला लहरींचा जास्त वाटा खर्च होतो. फक्त एकूण वेग वाढवायचा असेल, तर शेड्यूलरने जवळच्यांनाच वाढत राहावं. सरासरी छान दिसेल आणि कडेचा उपाशी राहील. हे टाळायला 'प्रपोर्शनल फेअर' नावाची पद्धत आहे. ज्याला अलीकडे कमी मिळालं, त्याचा क्रमांक वर सरकत जातो. सरासरी थोडी घटते, पण कडेच्या ताटातही काही पडतं.

पण मुळात भांड्यातच कमी असेल तर वाढपी किती पुरवणार? उपाय आहे साधी रांगच रुंद करण्याचा. टॉवरपर्यंत फायबर, जास्तीच्या लहरी, वाडीजवळ आणखी एक टॉवर. म्हणून गावाने अर्ज करताना 'नेट चालत नाही' एवढंच लिहून थांबू नये. कुठली वाडी, रात्रीचे किती वाजले होते, काड्या किती होत्या आणि कॉल कितव्या मिनिटाला तुटला, हे रोज वहीत टिपावं. महिनाभराची अशी वही अर्जाला जोडली, की "तुमच्याकडे तर रेंज आहे" एवढ्या उत्तरावर कुणाला सुटता येणार नाही.